सेसिलीचं आख्यान

ऑकलंडमधल्या हिल्सबरोच्या त्या घरात बसायला दोन सोफे होते, सहा खुर्च्या होत्या, डेकवर एक झोपाळासुद्धा होता. पण शकुंतलाबाईंचं बूड कुठेच टेकत नव्हतं. सकाळपासून त्या स्वयंपाकघरातून डेकवर, डेकवरून नातीच्या खोलीच्या दारापर्यंत आणि तिथून परत स्वयंपाकघरात अशा येरझारा घालत होत्या. मध्येच थांबून हवेत हात उंचावायच्या, कुणाला तरी दटावल्यासारखं पुटपुटायच्या, स्वतःशीच नाही म्हणून मान हलवायच्या आणि पुन्हा चालू लागायच्या. खाली मनुकाऊच्या खाडीला ओहोटी लागली होती आणि नुसता चिखल चमकत होता. तेवढा बघायलाही त्या थांबत नव्हत्या.

"आई, जरा टेका ना," त्यांची सून विनिता लॅपटॉपमधून मान वर काढत म्हणाली. "गुडघा परत सुजेल. आणि जेवायला काय करू? पिठलं, की भाजी?"

"तू म्हणशील तसं."

हे शकुंतलाबाईंचं ठरलेलं उत्तर. अख्ख्या संसारात त्यांनी ते वापरलं होतं. त्याचा अर्थ विनिताला एव्हाना पुरता कळला होता: निर्णय तुझा, आणि पिठलं पातळ झालं तर बोलायचा हक्क माझा. ती पुन्हा लॅपटॉपमध्ये शिरली.

येरझारांचं कारण होतं रविवारचं कीर्तन. शकुंतलाबाई मूळच्या साताऱ्याच्या, आणि नारदीय कीर्तन करायच्या. बाई गादीवर उभी राहते म्हणून नाक मुरडणारे म्हातारे उत्तररंगात उपरण्याने डोळे पुसताना त्यांनी कितीदा पाहिले होते. त्यांचे यजमान बाळासाहेब बँकेत होते. बँक सुटली की बायकोला स्कूटरच्या मागे बसवून गावोगावच्या देवळांत न्यायचे. मुलं मोठी झाली तशी साथीलाही घरचीच झाली. थोरला शंतनु पेटीवर, धाकटा यतीन तबल्यावर. "घरची साथ बरी, रुसवेफुगवे नाहीत," असं बाळासाहेब चारचौघांत सांगायचे. माणसाने असली वाक्यं बोलू नयेत. वर कुणीतरी कान देऊन बसलेलं असतं.

आता शंतनु ऑकलंडमध्ये रस्ते आणि सिग्नल आखायचा, यतीन ख्राइस्टचर्चच्या हॉर्नबीत एका गोदामात सुपरवायझर होता, आणि दोघे चार वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते.

कारण सांगायला लहान आहे. बाळासाहेब गेले तेव्हा करोनामुळे न्यूझीलंडच्या सरहद्दी बंद होत्या. पुतण्याने, इंद्रनीलने, अग्नी दिला आणि मुलांनी तो फोनवर पाहिला. मुलं येईपर्यंत अस्थी स्मशानातल्या कपाटात ठेवल्या. सरहद्द उघडल्याबरोबर शंतनु साताऱ्याला पोचला. यतीनच्या रेसिडेन्सीवर शिक्का बसायचा होता. त्याआधी देश सोडला तर परत आत घेतील याची खात्री नव्हती. तो फोनवर म्हणाला, "दादा, एक आठवडा थांब." शंतनु थांबला नाही. बाबांना आणखी किती दिवस कपाटात ठेवायचं, असं म्हणून त्याने संगम माहुलीला जाऊन अस्थी सोडल्या. यतीन आला तेव्हा नदी होती, बाप नव्हता. "माझ्या वाटणीचा बाप त्याने पाण्यात सोडला," एवढं एक वाक्य तो बोलला आणि मग भावाशी बोलणंच बंद केलं. शंतनु काही कमी हट्टी नव्हता. "कुणीतरी करायलाच हवं होतं," याच्या पुढे त्याच्या तोंडून अवाक्षर निघालं नाही.

तेव्हापासून शकुंतलाबाई न्यूझीलंडला आल्या की थोडे महिने इकडे, थोडे तिकडे. इकडचा निरोप तिकडे नेताना त्याची टोकं बोथट करायची, वर स्वतःच्या पदरचं तूप-साखर घालायचं. "दादा तुझी चौकशी करत होता हं," असं त्या हॉर्नबीत सांगायच्या. दादाने केलेली नसायची. यतीनला ते कळायचं आणि तो विषय बदलायचा.

या महिनाअखेरीस त्या परत साताऱ्याला जाणार होत्या, आणि हा प्रवास बहुधा शेवटचा. गुडघे, बीपी, चौऱ्याहत्तरावं वर्ष. डॉक्टरांनीही तोंड वाकडं केलं होतं. मरणाची त्यांना भीती नव्हती. आपल्याही अस्थी उद्या त्या कपाटात जाऊन बसतील आणि दोघांतला एक जण दुसऱ्यासाठी थांबणार नाही, ही भीती होती. ती त्यांना बसू देत नव्हती, झोपू देत नव्हती. जाण्याआधी दोघांना एका जागी आणायचं आणि बोलतं करायचं, एवढंच त्यांना हवं होतं. त्यासाठी त्यांच्या हातात शस्त्र एकच होतं, आणि ते म्हणजे कीर्तन.

इथल्या मराठी मंडळाचा सेक्रेटरी गुरुनाथ बिचारा ध्रुवाचं किंवा द्रौपदीचं आख्यान होईल असं समजून चालला होता. शकुंतलाबाईंनी त्याला नाव सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "काकू, सेसिली कोण?"

सेसिली त्यांना गार्गीकडून मिळाली होती. गार्गी म्हणजे शंतनुची मुलगी, शाळेच्या शेवटच्या वर्षात. तिला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर इंग्रजीतून यायचं. तिच्या हिस्टरीच्या प्रोजेक्टमध्ये ही बाई निघाली: साडेपाचशे वर्षांपूर्वीची इंग्लंडमधली सरदारघराण्यातली बाई, यॉर्कच्या ड्यूकची बायको. नवरा राजा व्हायचा तो लढाईत पडला. शत्रूंनी त्याचं मुंडकं कागदाचा मुकुट घालून वेशीवर टांगलं. त्याच लढाईत एक मुलगाही गेला. मग थोरला मुलगा एडवर्ड राजा झाला. मधल्या जॉर्जने त्याच्याविरुद्ध कारस्थानं केली, एडवर्डने त्याला कैदेत टाकून मारलं. एडवर्ड मेल्यावर धाकट्या रिचर्डने पुतण्यांना बाजूला सारून मुकुट घेतला, ती दोन्ही पोरं कुठे गेली कुणाला कळलं नाही, आणि दोनच वर्षांत रिचर्डही रणात पडला. बाई या सगळ्यांच्या मागे राहिली. ऐंशीच्या घरात गेली. दोन राजांची आई, पण स्वतः राणी कधीच नाही.

"आजी, शी वॉज सो रिलिजस," गार्गी स्क्रीनवर बोट ठेवून म्हणाली होती. "लिसन. म्हातारपणी दुपारी जेवताना समवन रीड्स होली बुक्स टु हर. अँड ॲट सपर, ती सगळ्यांना ते परत सांगते. फ्रॉम मेमरी."

शकुंतलाबाई उठून उभ्याच राहिल्या होत्या. दुपारी ऐकलेलं बाई संध्याकाळी पाठ म्हणून दाखवते! "अगं, म्हणजे कीर्तनच की!"

त्या दिवसापासून सेसिली त्यांच्या डोक्यात घुसली ती निघेना. गार्गीला त्यांनी भंडावून सोडलं. किती मुलं, कोण कधी गेलं, सुनेशी पटायचं का. गार्गी सगळं शोधून सांगायची. मात्र एका प्रश्नाने तिनेच आजीला अडवलं.

"बट व्हॉट डिड द मम डू? जॉर्जला मारलं तेव्हा? आधी एकदा दोघांचं भांडण झालं होतं ना, देन शी डिड पॅच थिंग्ज अप. पण सेकंड टाइम, ती काय म्हणाली ते कुठेच नाहीये. आय लुक्ट एव्हरीव्हेअर."

"मध्ये पडली असेल, पदर पसरला असेल. दुसरं काय करणार आई?" शकुंतलाबाईंनी उडवून लावलं.

"यू डोन्ट नो दॅट, आजी."

"कीर्तनकाराला सगळं माहीत असतं," त्या म्हणाल्या आणि झांजा शोधायला गेल्या.

मुलांना गोळा करायला त्यांनी सरळसरळ थाप मारली. मंडळात चांगला तबलजी होता. गुरुनाथला त्यांनी सांगितलं, मला घरच्याच साथीची सवय, दुसऱ्याबरोबर माझा ताल जातो. यतीनला सांगितलं, इथे तबल्याला कुणी मिळत नाही रे, कीर्तन रद्द करावं लागेल, आणि हे माझं शेवटचं. शंतनुला पेटीसाठी सांगितलं, यतीन येतोय, तुला चालेल ना? शंतनु बराच वेळ भाजी चिवडत राहिला. मग म्हणाला, "तुझं कीर्तन आहे. माझं काय विचारतेस?" त्यांनी त्याला होकार समजून टाकलं.

यतीन शनिवारी ऑकलंडला आला, पण भावाच्या घरी नाही. माऊंट रॉस्किलला श्याम नावाच्या जुन्या रूममेटकडे उतरला. हिल्सबरोहून दहा मिनिटांवर. शकुंतलाबाईंनी त्याच्यासाठी केलेल्या पुरणपोळ्या डब्यात घालून विनिता पोचवून आली. "यायला काय होतं त्याला," असं पुटपुटत म्हाताऱ्या बाईने डेकच्या आणखी चार फेऱ्या मारल्या.

रविवारी दुपारी सँडरिंगहॅमचा हॉल भरला. रस्त्यावरच्या मिठाईच्या दुकानांपुढे गाड्या लावून लोक आले होते. कुणी पैठणीत, कुणी शॉर्ट्स आणि जँडल्समध्ये, म्हणजे इथल्या रबरी चपलांमध्ये. शकुंतलाबाई नऊवारीत होत्या. स्टेजवर चादर पसरून नारदाची गादी केली होती. उजवीकडे शंतनु साताऱ्याहून आणलेली जुनी पेटी घेऊन बसला, डावीकडे यतीन तबला-डग्ग्यावरची कापडं काढत होता. दोघांनी एकमेकांना "हाय" म्हटलं. बँकेच्या काउंटरवर म्हणतात तसं.

तबलजीला पेटीवाल्याकडून सूर घ्यावा लागतो. पेटीवाला पट्टी दाबून धरतो, तबलजी हातोडीने गट्टे ठोकत, कडा चढवत-उतरवत त्या सुराला येतो. हे गेली कित्येक वर्षं असंच चालत आलं आहे आणि यात वादाला जागा नाही. शकुंतलाबाईंचा सारा भरवसा या एका गोष्टीवर होता. याला सूर मागावा लागेल, त्याला द्यावा लागेल. तोंड उघडेल.

यतीनने फोन काढला. ट्यूनरचं ॲप उघडलं, आईच्या पट्टीचा, काळी तीनचा सूर लावला, फोन मांडीवर ठेवला आणि त्याच्याकडे बघत हातोडी चालवायला लागला.

शकुंतलाबाईंना वाटलं, त्याच्या हातातली हातोडी घ्यावी आणि फोनवर घालावी. पण मोठी पंचाईत पुढेच होती. फोन जगाच्या हिशेबाने बरोबर होता, आणि साताऱ्याची म्हातारी पेटी विमानाच्या सामानात, समुद्राच्या दमट हवेत थोडी उतरलेली होती. फरक फार नव्हता, अर्ध्या पट्टीचाही नाही. शंतनुला तो पहिल्या थापेलाच कळला. त्याने मान वर केली, काहीतरी बोलणार असं वाटलं, आणि पुन्हा खाली घातली. यतीनलाही कळला. त्याने तबला आणखी दोनदा ठोकला आणि तसाच ठेवला. तू खाली आहेस, तू वर ये. मी कशाला येऊ?

म्हणून शकुंतलाबाईंनी नमन केलं तेव्हा त्यांच्या उजव्या कानात एक षड्ज होता आणि डाव्या कानात दुसरा. पेटी धरली तर तबला टोचायचा, तबला धरला तर पेटी रडायची. अख्खा पूर्वरंग शकुंतलाबाई त्या दोन सुरांच्या मध्ये कुठेतरी गात राहिल्या. आईने मुलांना जन्म देणं सोपं, त्यांच्यामध्ये उभं राहणं कठीण, असा निरूपणाचा विषय होता. घाम फुटला. लोकांना काही कळलं नाही. सवयीचे लोक होते, टाळ्या वाजवत होते. गार्गी पहिल्या रांगेत कपाळाला आठ्या घालून बसली होती.

मध्यंतरात गुरुनाथची बायको सुमेधा पुढे झाली, तिने हार घातला, बुक्का लावला. गजर झाला. आणि शकुंतलाबाईंनी पदर खोचून उत्तररंगाला, म्हणजे सेसिलीच्या आख्यानाला, हात घातला.

आता सांगायला हवं की बाई रंगली की आवरायची नाही. इंग्लंडची थंडी त्यांनी अशी उभी केली की पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी जाकिटाची चेन वर ओढली. वेशीवर टांगलेलं नवऱ्याचं मुंडकं, त्यावर कागदाचा मुकुट, वारा आला की फडफडतो. मग थोरला गादीवर बसला, त्याच्या पाठचा जॉर्ज कैदेत पडला, आणि त्यांनी स्वतः रचलेली ओवी घेतली:

*थोरला बैसे सिंहासनी । धाकटा पडे बंदिखानी ।*
*माय उभी दोहोंतुनी । कोणास म्हणे आपुले ॥*

ओवी लागली. इथेच सोडायला हवं होतं. पण शकुंतलाबाईंनी तिरप्या नजरेने पाहिलं तर शंतनुचा चेहरा कोरा आणि यतीनचा त्याहून कोरा. महिनाभर उकळलेलं मनात होतंच. साथीदारांना आख्यानात ओढायची कीर्तनकाराला मुभा असते, तिचा आधार घेऊन त्या पेटीकडे वळल्या.

"काय पेटीवाले महाराज! भावाचा निरोप आला होता ना? थांबा म्हणाला होता ना?"

काही लोक हसले. पेटीवाल्याची थट्टा ही नेहमीची असते. शंतनुही ओठांनी जरासा हसला.

"एक आठवडा! फार नाही मागितलं धाकट्याने. एक आठवडा थांबला असता राजा तर काय आभाळ कोसळणार होतं? पण नाही! याला घाई! याला परत जायचंय! भाऊ तिकडे हात जोडून उभा, आणि हा निघाला पाण्याकडे..."

हसणं बंद झालं. इंग्लंडच्या गोष्टीत आठवडा नव्हता आणि पाणीही नव्हतं, हे ज्यांना माहीत होतं ते शंतनुकडे बघायला लागले. ऑकलंडमध्ये मराठी माणसं किती, आणि कुणाच्या घरात काय झालं हे कुणाला माहीत नाही?

पेटी थांबली. शंतनुने भात्यावरचा हात काढून मांडीवर ठेवला. तो उठला नाही, रागावला नाही. लहानपणी मारलं तरी रडायचा नाही, फक्त असा मांडीकडे बघत राहायचा. शकुंतलाबाईंनी ते पाहिलं. तोंडातून गेलेलं मागे घेता येत नव्हतं आणि गादीवरून उतरताही येत नव्हतं.

"आई," डावीकडून आवाज आला. यतीनने दोन्ही तळवे तबल्यावर पालथे ठेवले होते. "हे आख्यानात नाहीये."

"आहे."

"नाहीये. दादाला असं बोलायचं नाही. लोकांसमोर तर नाहीच." "माझं भांडण आहे ना त्याच्याशी? माझं मी बघेन. तू कशाला त्याला उभा करतेस? आणि तू पण घरातच होतीस की तेव्हा. तू म्हणालीस का त्याला, थांब म्हणून?"

सभागृहात कुणीतरी खोकलं. व्हॉट डिड द मम डू? गार्गी पहिल्या रांगेतून आजीकडे बघत होती. डोळ्यांत दोष नव्हता, फक्त प्रश्न होता.

शकुंतलाबाईंना साताऱ्याची ती सकाळ आठवली. शंतनु चहाचा कप हातात घेऊन दारात उभा होता. त्याने विचारलं होतं. आई, यतीनसाठी थांबू या का? आणि त्या गॅसकडे तोंड करून दुधावर लक्ष ठेवत म्हणाल्या होत्या...

"तिला नको विचारूस," शंतनु मध्येच म्हणाला. मान वर न करता, भावाला. "मी विचारलंच नव्हतं तिला. माझं मीच ठरवलं."

तो खोटं बोलत होता. शकुंतलाबाईंना ते माहीत होतं, त्याला माहीत होतं की त्यांना माहीत आहे, आणि तरी त्याने भरल्या सभेत ते स्वतःच्या अंगावर घेतलं. कीर्तनाच्या इतक्या वर्षांत बाईला पुढचा शब्द सुचला नाही असं पहिल्यांदाच झालं. झांजा हातात लोंबत राहिल्या.

यतीन भावाकडे बघत होता. मग त्याने मांडीवरचा फोन उचलून खिशात टाकला, हातोडी हातात घेतली आणि म्हणाला, "दादा, सूर दे."

शंतनुने भाता उघडला. काळी तीन दाबून धरली. पेटी तीच, उतरलेली, साताऱ्याची, बापाने बाजारात दहा पेट्या वाजवून बघून घेतलेली. यतीनने कान खाली नेला आणि गट्टे ठोकत तबला उतरवायला लागला. टक्, टक्. "अजून थोडा," शंतनु म्हणाला. "कडेला चढलाय." यतीनने तबला फिरवून कडेला ठोकला. "आता?" "हां." शंभर माणसं गप्प बसून हे ऐकत होती आणि कुणीही घड्याळाकडे पाहिलं नाही.

कीर्तन मोडून चालत नाही. शेवट मंगलाने व्हावा लागतो. शकुंतलाबाईंनी शेवटासाठी नातीच्या लग्नाची वरात तयार ठेवली होती: सेसिलीच्या नातीने शत्रुघराण्यातल्या राजाशी लग्न केलं आणि वैर मिटलं, तुताऱ्या, फुलं, सगळं. ते सगळं त्यांनी सोडून दिलं. साध्या आवाजात एवढंच सांगितलं की मुलगे गेल्यावर ती बाई आपल्या वाड्यात राहिली, पहाटे उठायची, प्रार्थना करायची, दुपारी कुणीतरी वाचायचं ते मन लावून ऐकायची, आणि संध्याकाळी जेवताना समोर जे कुणी बसलं असेल त्याला ते सांगायची. मुलाने मुलाला मारलं तेव्हा ती काय म्हणाली, ते कुणाला माहीत नाही. "आणि मलाही माहीत नाही," त्या म्हणाल्या. कीर्तनकाराच्या तोंडून असं वाक्य लोकांनी कधी ऐकलं नव्हतं. मग त्यांनी शेवटचा गजर धरला. दोन्ही कानांत एकच सूर होता. तो इतका सहज लागला की त्यांना स्वतःचा आवाज परका वाटला.

आरती झाली, शिरा वाटला गेला, लोक पाया पडून गेले. बरेचसे जण "काकू, फारच वेगळं होतं हं" असं म्हणाले. म्हणजे काय ते शकुंतलाबाईंना कळत होतं. हॉल पाचला रिकामा करून द्यायचा होता. विनिता खुर्च्या रचत होती, गुरुनाथ सतरंज्या गुंडाळत होता. शकुंतलाबाई कुणाला मदत करू असं म्हणत इकडून तिकडे फिरत राहिल्या आणि फिरत फिरत मागच्या स्वयंपाकघराच्या दारापाशी आल्या. आतून नळाचा आणि पातेलं घासण्याचा आवाज येत होता.

"हे खालचं जळलंय," शंतनुचा आवाज.

"भिजू दे. घासून काय होणार." यतीन.

नळ बंद झाला. शकुंतलाबाई दाराबाहेर थबकल्या.

"खरंच विचारलं नव्हतंस तिला?" यतीनने विचारलं.

"विचारलं होतं."

"मग? काय म्हणाली?"

शंतनुने पातेलं सरकवल्याचा आवाज आला. "तू म्हणशील तसं."

आत फुसकन हसू फुटलं. आधी एकाचं, मग दोघांचं. "कायमचंच तिचं!" यतीन हसत म्हणाला. "माझ्या इंजिनिअरिंगच्या वेळी पण हेच. तू म्हणशील तसं. आणि मग चार वर्षं, मी तर मेडिकलच म्हणत होते."

"लग्नात. हॉल कुठला, तर तू म्हणशील तसं. मग अख्खं लग्नभर, गार वारा फार येतो इथे."

"यार, ती ना, हेवी आहे."

"हीप्स. खूपच."

पुन्हा हसू. शकुंतलाबाईंचे कान तापले. या कार्ट्यांसाठी आपण महिनाभर झिजलो, आणि हे शिऱ्याच्या पातेल्यावर उभे राहून आपलीच उणीदुणी काढतायत! आत जाऊन दोन शब्द सुनावावेत म्हणून त्यांनी दाराला हात लावला. तेवढ्यात हसणं थांबलं.

"दादा."

"हं."

"आईच्या वेळी थांबशील?"

नळातून थेंब पडत होता.

"थांबेन. किती दिवस म्हणशील तितके. तू ये फक्त."

"येईन."

शकुंतलाबाईंनी दारावरचा हात काढला. भिंतीला टेकून रचलेल्या खुर्च्यांमधली एक ओढली आणि तिच्यावर बसल्या. नीट, पाठ टेकवून, पाय पसरून. गार्गी झांजांची पिशवी घेऊन आली तर आजी डोळे पुसत होती.

"आजी, आर दे फायटिंग इन देअर?"

"नाही गं," शकुंतलाबाई म्हणाल्या. "माझं ठरवतायत. ठरवू दे. मला जरा चहा आण बाई, मी बसते इथेच."